भास्कराचार्यांचे वंशज? एका कुलवृत्तांताच्या पहिल्या पानाची तपासणी

विलेपार्ल्यातल्या एका कुटुंबाला आपल्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती काढायची होती. पहिली आवृत्ती १९४६ सालची, गिरगावात छापलेली. नानांच्या चुलत्यांनी चौदा वर्षं खपून ती तयार केली होती. नाना आज शहाऐंशी वर्षांचे आहेत. त्यांची नात बँकेत नोकरी करते आणि शनिवार-रविवार या पुस्तकाचं काम करते. तिनेच मला बोलावलं. म्हणाली, "मावशी, बाकीची दोनशे पानं मी बघते. पहिल्या पानाचं काय करायचं, ते मात्र तुम्ही सांगा."

पहिल्या पानावर वंशवेल होती. सर्वांत वर 'नलचंपू'चे कवी त्रिविक्रमभट्ट. त्यांच्याखाली भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर. मग जाड ठशात भास्कराचार्य, 'लीलावती'कार. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर, नातू चंगदेव. अशी नऊ नावं. चंगदेवाखाली टिंबांची एक ओळ आणि त्या ओळीखाली घराण्याचा मूळपुरुष, पेशवाईतला, गोदाकाठच्या एका गावचा जोशी.

नाना आरामखुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. मी पान वाचून संपवल्यावर म्हणाले, "बाई, आमच्या काकांनी खोटं लिहिलं असेल असं मला वाटत नाही."

मलाही तसं वाटलं नाही, आणि आजही वाटत नाही. मी कॉलेजात एकतीस वर्षं संस्कृत शिकवलं. निवृत्तीनंतर ओळखीच्या घरांना कुलवृत्तांताच्या कामात मदत करते. अशी पहिली पानं मी याआधीही पाहिली आहेत. कुणी वसिष्ठांपासून सुरुवात करतं, कुणी पाणिनीपासून. तिथे तपासण्यासारखं काही नसतं, म्हणून मी बोलतही नाही. पण भास्कराचार्यांची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडच्या जुन्या पंडितांमध्ये ज्यांची वंशावळ दगडावर कोरलेली मिळते असे फार थोडे, आणि त्यांत ते एक आहेत. त्यामुळे हे पान नाव-नाव घेऊन तपासता येणार होतं.

मी त्या पानाचे तीन तुकडे केले. वरचा जोड: कवी त्रिविक्रमभट्ट ते भास्करभट्ट. मधला भाग: भास्करभट्ट ते चंगदेव. खालचा जोड: टिंबांची ओळ. तिन्ही दावे एकाच शाईत, एकाच ठशात छापलेले होते, आणि वाचणाऱ्याला ते एकाच वजनाचे वाटत होते. खरी गडबड तिथेच होती.

सुरुवात मधल्या भागापासून केली, कारण तो सर्वांत भक्कम.

फोर्टात टाउन हॉलच्या पायऱ्या चढून एशियाटिक सोसायटीत गेलं की ही वंशावळ कोरलेल्या शिलालेखाच्या शोधाचा मुंबईशी किती जवळचा संबंध आहे ते कळतं. हा शिलालेख उजेडात आणला तो मुंबईच्याच एका डॉक्टरने. डॉ. भाऊ दाजी लाड हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले. दिवसा रोगी तपासायचे, महारोगावर औषध शोधायचे, आणि उरलेल्या वेळात ताम्रपट नि शिलालेख वाचायचे. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भटोत्पल आणि भास्कराचार्य यांचे काळ ठरवणारा त्यांचा निबंध १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. चाळीसगावजवळच्या पाटणच्या लेखाची माहिती त्यात आहे. पुढे जर्मन संस्कृतपंडित कीलहॉर्न यांनी तो लेख 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडात नीट संपादून छापला. माटुंग्याला भाऊ दाजी रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांना हे ठाऊक असावं, असं मला फार वाटतं.

पाटण म्हणजे आजचं पाटणादेवी, सातमाळाच्या कुशीतलं. लेख शके ११२८ चा, तेराव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. चंगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ उभारला आणि तिथल्या निकुंभ राजांनी त्या मठाला उत्पन्न लावून दिलं. वंशावळ कोरली ती या दानाच्या निमित्ताने. लेख म्हणतो:

शाण्डिल्यवंशे कविचक्रवर्ती त्रिविक्रमोऽभूत्तनयोऽस्य जातः ।
यो भोजराजेन कृताभिधानो विद्यापतिर्भास्करभट्टनामा ॥

शांडिल्य वंशात त्रिविक्रम नावाचा कविसम्राट झाला. त्याचा मुलगा भास्करभट्ट, ज्याला भोजराजाने 'विद्यापती' ही पदवी दिली. त्यापुढे गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि भास्कराचार्य हे ओळीने येतात. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर सर्व शास्त्रांत निष्णात आहे असं पाहून यादव राजा जैत्रपालाने त्याला नेलं आणि पंडितांत अग्रस्थान दिलं. इथे लेखात 'पुरादतः' असा शब्द आहे, म्हणजे 'या नगरातून'. या एका शब्दामुळे हे घराणं पाटणलाच राहत होतं असं मानायला आधार मिळतो. भास्कराचार्य स्वतः आपल्या गावाचं नाव विज्जडविड असं देतात आणि ते सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचं सांगतात. हे विज्जडविड म्हणजे नेमकं कोणतं गाव, यावर बीड, विजापूर, पाटण असे तर्क झाले आहेत. १९४६ च्या आवृत्तीत तळटीप देऊन विज्जडविड म्हणजे आपलंच गाव, असं म्हटलं होतं. ती तळटीप मी पहिल्याच दिवशी काढायला सांगितली. सह्याद्री त्या गावातून दिसतसुद्धा नाही.

नातवाने कोरलेली वंशावळ खरी कशावरून, असा प्रश्न नातीने विचारला आणि तो अगदी योग्य होता. दान मिळवताना कुणीही आपल्या घराण्याची थोरवीच सांगणार. म्हणून लेखाबाहेरचे साक्षीदार शोधावे लागतात, आणि इथे ते तीन आहेत.

पहिले साक्षीदार खुद्द भास्कराचार्य. 'सिद्धांतशिरोमणी'त ते लिहितात, 'रसगुणपूर्णमहीसमशकनृपसमयेऽभवन्ममोत्पत्तिः'. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही एक. उजवीकडून मांडलं की शके १०३६, इसवी सन १११४. हा ग्रंथ छत्तिसाव्या वर्षी रचला, हेही त्याच श्लोकात आहे. वडिलांचं नाव महेश्वर आणि गोत्र शांडिल्य, हेही तेच सांगतात. 'बीजगणिता'च्या शेवटी तर आपल्याला ज्ञानाची कळी वडिलांकडूनच मिळाली असं म्हणतात. शिलालेख आणि ग्रंथ इथे तंतोतंत जुळतात.

दुसरा साक्षीदार बहाळचा. गिरणा नदीकाठचं हे गावही चाळीसगाव तालुक्यातलंच. तिथल्या भवानीच्या देवळाचा लेख शके ११४४ चा, म्हणजे १२२२ सालचा. तो अनंतदेवाचा, आणि अनंतदेव हाही सिंघणाच्या पदरचा ज्योतिषी. त्याने दिलेली साखळी अशी: मनोरथ, त्याचा मुलगा महेश्वर, त्याचा श्रीपती, त्याचा गणपती आणि त्याचा अनंतदेव. म्हणजे श्रीपती हा भास्कराचार्यांचा भाऊ ठरतो. दोन भावांच्या दोन शाखा, दोन वेगळी गावं, मध्ये पंधरा-सोळा वर्षांचं अंतर, आणि पणजोबांचं नि त्यांच्या वडिलांचं नाव तेच. अनंतदेवाने ब्रह्मगुप्ताच्या एका अध्यायावर आणि वराहमिहिराच्या 'बृहज्जातका'वर टीका लिहिली होती, अशी नोंदही त्या लेखात आहे. पणजोबापासून पणतूपर्यंत ज्योतिषच.

तिसरा साक्षीदार साधा हिशेब. हा मी नातीकडूनच करून घेतला. एका पिढीला सरासरी अठ्ठावीस वर्षं धरली. भास्कराचार्यांचा जन्म १११४, आणि भास्करभट्ट त्यांच्या पाच पिढ्या वर. पाच गुणिले अठ्ठावीस, एकशे चाळीस. म्हणजे भास्करभट्टाचा जन्म ९७४ च्या आसपास. धारचा भोज गादीवर आला तो १०१० च्या सुमारास, तेव्हा भास्करभट्ट छत्तीस वर्षांचा. राजाकडून पदवी मिळण्याचं हेच वय. आकडा कागदावर उतरला तेव्हा नात मोठ्याने म्हणाली, "आजोबा, जुळलं!" नानांनी मान हलवली. तो भाग जुळणार याची त्यांना खात्रीच होती.

याच हिशेबाने वरचा जोड मात्र तुटला.

'नलचंपू'चे कवी त्रिविक्रमभट्ट यांचा काळ नक्की माहीत आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याचे ९१५ सालचे ताम्रपट गुजरातेत नवसारीकडे मिळाले, आणि त्यांचा मजकूर रचणारा म्हणून नेमादित्याचा मुलगा त्रिविक्रमभट्ट असं नाव त्यांत आहे. तोच 'नलचंपू'चा कर्ता मानला जातो. गोत्र शांडिल्य. नाव तेच, गोत्र तेच, दोघेही कवी. मग दोघे एकच असं अनेकांना वाटलं, आणि नानांच्या काकांनी तेच उचललं. मोह पडण्यासारखीच गोष्ट आहे. काकांना दोष द्यावा असं मला वाटत नाही.

पण आमच्या हिशेबात शिलालेखातल्या त्रिविक्रमाचा जन्म ९४६ च्या सुमारास पडतो. त्याच्याआधी तीस वर्षं 'नलचंपू'कार राजाचे ताम्रपट लिहीत होते. मी उलट बाजूनेही ताणून पाहिलं. ताम्रपटांच्या वेळी कवी तीस वर्षांचे आणि साठाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला असं धरलं, तर तो मुलगा भोजाच्या राज्यारोहणाच्या वेळी पासष्टीचा होतो. अगदीच अशक्य म्हणता येणार नाही. तरी घराण्याची सुरुवात असल्या ओढाताणीवर टांगायची का? शिलालेखात त्रिविक्रमाच्या वडिलांचं नाव नाही, त्याने कोणता ग्रंथ लिहिला तेही नाही. 'कविचक्रवर्ती' एवढा एकच शब्द आहे. नेमादित्याचं नाव तिथे असतं तर गोष्ट वेगळी होती. मी निर्णय दिला: 'त्रिविक्रम, कवी' एवढंच ठेवायचं आणि 'नलचंपू' काढायचं.

नानांना हे लागलं. त्यांनी 'नलचंपू' कॉलेजात असताना वाचलं होतं, आपल्या पूर्वजाचं म्हणून वाचलं होतं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

राहिली टिंबांची ओळ.

इथे मी माझी नेहमीची रीत धरली: वरून खाली यायचं नाही, खालून वर जायचं. थोर पुरुषापासून खाली उतरायला लागलं की प्रत्येक पायरीवर आपण आपल्याला हवा तो मुलगा निवडतो. जिवंत माणसापासून वर चढताना मात्र हातात कागद असेल तेवढंच चढता येतं. नानांपासून सुरुवात केली. जन्मनोंदी, शाळेचे दाखले, गावचे सातबारा, जुने फेरफार. त्यामागे इनामचौकशीच्या वेळचा कैफियतीचा कागद. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी सगळ्या इनामांची छाननी केली तेव्हा प्रत्येक वतनदाराला आपली वंशावळ लिहून द्यावी लागली होती. कुलवृत्तांत लिहिणाऱ्याला याहून उपयोगी कागद नाही, कारण त्यावर चुलत घराण्यांची हरकत यायची आणि खोटं नाव घुसवणं सोपं नव्हतं. त्यामागे जोशीपणाच्या वतनाची पेशवाईतली सनद. सनद मोडीत होती, ती वाचून घ्यायला आम्हाला तीन रविवार लागले. सगळ्यांत मागे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांची वही. तिच्यात मूळपुरुषाच्या हातची नोंद निघाली. स्वतःचं नाव, वडिलांचं, आजोबांचं, गाव, आणि दोन भावांची नावं. या नोंदीने १९४६ च्या आवृत्तीच्या वर आणखी दोन पिढ्या मिळाल्या. काकांना हे सापडलं नव्हतं.

सनद-वहीच्या आधाराने घराणं सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत गेलं. तिथून बहाळच्या लेखापर्यंत पावणेपाचशे वर्षं. अठ्ठावीसच्या हिशेबाने सतरा पिढ्या. एका ओळीतल्या त्या टिंबांत सतरा माणसं दडलेली होती, आणि त्यांतल्या एकाचंही नाव कुठल्या कागदावर नाही.

मग काकांनी हा जोड जोडला कशावर? तीन गोष्टींवर, आणि तिन्ही आम्ही समोर ठेवल्या.

गोत्र शांडिल्य. पण शांडिल्य गोत्राची आडनावं देशस्थांत आहेत, कोकणस्थांतही आहेत, डझनांनी आहेत. गोत्र जुळलं नाही तर दावा पडतो. जुळलं म्हणून काही उभं राहत नाही. शिवाय दत्तक गेलेल्या मुलाचं गोत्र बदलतं, आणि वतनदार घराण्यांत दत्तकं वारंवार झाली. याच घराण्यात दोन झाली आहेत.

घरात 'भास्कर' हे नाव पुन्हा पुन्हा येतं. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत आहे, त्यामुळे एकदा आलेलं नाव फिरत राहतं. पण कागदावर पहिला भास्कर भेटला तो १८८० नंतरचा. त्याआधी एकही नाही.

तिसरी गोष्ट पोथी. ती मात्र खरोखर सुंदर आहे. लाल कापडात बांधलेली, 'लीलावती'ची, गणेश दैवज्ञांच्या 'बुद्धिविलासिनी' टीकेसह. अक्षर टपोरं, आणि समासात कुणीतरी त्रैराशिकाची उदाहरणं सोडवून ठेवलेली. त्याच रुमालात 'सिद्धांतशिरोमणी'ची काही सुटी पानं होती. त्यांतल्या एकावर काकांनी पेन्सिलीने बारीक खूण केली होती. तिथे लिहिलेलं होतं: 'इति श्रीमहेश्वरोपाध्यायसुतभास्कराचार्यविरचिते'. मूळपुरुषाचं नावही महेश्वरच. काकांना वाटलं, आपल्या महेश्वराचा संबंध इथे सांगितला आहे. पण हे ग्रंथकाराचं स्वतःचं वाक्य आहे. अध्याय संपला की ते येतं, आणि 'सिद्धांतशिरोमणी'च्या पोथ्यांतून ठिकठिकाणी आढळतं. ज्याने पोथी उतरवली त्याची ओळ वेगळी असते, अगदी शेवटी. तिथे नकल करणाऱ्याचं नाव होतं, शक होता, आणि 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा' हा सगळ्या लेखनिकांचा नेहमीचा श्लोक होता. वंशाबद्दल अक्षर नव्हतं.

पोथी घरात कशी आली याचं उत्तर सनदेतच होतं. हे गावजोशाचं घर. पंचांग करायचं, ग्रहणं सांगायची, मुहूर्त काढायचे, तर 'ग्रहलाघव' हवं, आणि 'ग्रहलाघव' समजायला आधी 'लीलावती' हवी. 'ग्रहलाघव'कार गणेश दैवज्ञ कोकणातल्या नांदगावचे, सोळाव्या शतकातले, गोत्र कौशिक. भास्कराचार्यांशी त्यांचं रक्ताचं नातं नाही. तरी 'लीलावती' घरोघर पोचली त्यात त्यांच्या टीकेचा वाटा मोठा. चंगदेवाने मठ काढला तो शिकवण्यासाठीच, आणि त्याच्या लेखात स्पष्ट म्हटलं आहे की या मठात भास्कराचार्यांचे आणि त्यांच्या वंशजांचे ग्रंथ शिकवले जावेत. शिकणारे घरचेच असावेत अशी अट कुठे नाही. मी हे नानांना सांगितलं, आणि लेखाच्या शेवटच्या मराठी ओळी वाचून दाखवल्या. संस्कृत संपल्यावर दगडावर एकाएकी आपली भाषा सुरू होते: 'इयां पाटणीं जें केणें उघटे तेहाचा असि आउं जो राउला होंता ग्राहकापासी तो मढा दीन्हला'. या पाटणात जो माल विकायला निघेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाचा जो कर येत होता, तो मठाला दिला. बाजारात खरेदी करणाऱ्या माणसांच्या पैशांवर गणिताचा वर्ग चालत होता. नानांनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली, मग स्वतः चष्मा लावून वाचली.

आणखी एक प्रश्न शिल्लक होता, तो नातीचा. तिला वंशवेलीत लक्ष्मीधराशेजारी 'लीलावती, कन्या' असं लिहायचं होतं. शाळेत सगळ्यांनी ती गोष्ट ऐकलेली असते: घटिकापात्रात मोती पडला, मुहूर्त टळला, आणि वडिलांनी तिच्या नावाने ग्रंथ लिहिला. ही गोष्ट भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. ती येते अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली केलेल्या फार्सी भाषांतरासोबत, म्हणजे चारशे वर्षांनंतर. ग्रंथात 'अये बाले लीलावति' अशी हाक आहे खरी, पण 'सखे' आणि 'कान्ते' अशाही हाका आहेत, आणि बाप लेकीला 'कान्ते' म्हणत नाही. पाटणच्या लेखात मुलीचा उल्लेख नाही. पण अशा वंशावळीत मुलींची नावं कोरतच नसत, त्यामुळे लेख गप्प आहे एवढ्यावरून त्यांना मुलगी नव्हती असंही ठरत नाही. मी सुचवलं, वंशवेलीत नाव घालू नका, शेजारच्या पानावर ही सगळी हकीकत द्या. तिने मान्य केलं. मग म्हणाली, "मावशी, काकाआजोबांच्या पुस्तकात आजोबांच्या आत्यांची नावंही नाहीत."

मी पुस्तक चाळून पाहिलं. खरंच नव्हती. दोनशे पानांत मुलींचा उल्लेख 'कन्या २' किंवा 'कन्या ३' असा.

नवी आवृत्ती आता छापखान्यात आहे. पहिल्या पानावर त्र्यंबकेश्वरच्या वहीतली नोंद आहे, तिचा फोटो मोडीत आणि खाली देवनागरीत. त्रिविक्रमापासून चंगदेवापर्यंतची नावं परिशिष्टात गेली आहेत, बहाळची शाखा शेजारी घेऊन, आणि मथळा आहे 'आमच्या घरात ज्यांचा ग्रंथ शिकला गेला त्यांचं घराणं'. मथळा नानांनी स्वतः दिला. टिंबांची ओळ काढली. काकांनी चौदा वर्षं केलेल्या कामाबद्दल दोन पानं नानांनी लिहिली आहेत, आणि काकांची पेन्सिलची खूण असलेल्या पानाचा फोटो त्यांनी आग्रहाने घालायला लावला.

दिवाळीनंतर नात त्र्यंबकेश्वरला पुन्हा गेली, वहीचा नीट फोटो काढायला. घराण्याची शेवटची नोंद १९५८ सालची होती, नानांच्या वडिलांच्या हातची. उपाध्यायांनी तिच्यापुढे पेन सरकवलं. तिने नानांचं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं, तिन्ही आत्यांची नावं लिहिली आणि खाली स्वतःचं. उपाध्यायांनी ते एकदा वाचून पाहिलं, तारीख घातली आणि वही मिटली.